‘चालत नाही’ म्हणजे नक्की काय?

मराठी भाषेत सर्वांत जास्त वापरलं जाणारं वाक्य कोणतं, यावर विद्वानांत मतभेद असतील. माझ्या मनात मात्र तिळमात्र संशय नाही. ते वाक्य आहे, ‘चालत नाही.’ लिफ्ट चालत नाही, पंखा चालत नाही, एटीएम चालत नाही, नेट चालत नाही, हल्लीच्या पोरांचं डोकं चालत नाही आणि घरात आमचं काही चालत नाही. यातल्या शेवटच्या तक्रारीवर त्रिभुवनात उपाय नाही, तेव्हा ती सोडून देऊ. बाकीच्या तक्रारींबद्दल माझं स्पष्ट म्हणणं असं, की या तक्रारीच नव्हेत. हे उसासे आहेत. आणि उसाशावर जगातला कोणताही वायरमन, डॉक्टर किंवा बँक काहीएक करू शकत नाही.

नेरूळच्या आमच्या सोसायटीत एक तक्रारवही आहे. तिच्या एका पानावर एकाखाली एक अशा नोंदी आहेत : ‘लिफ्ट चालत नाही.’ ‘लिफ्ट पुन्हा चालत नाही.’ ‘अजून तेच.’ ‘वरीलप्रमाणे.’ आता आमच्याकडे लिफ्ट दोन. त्यांतली कोणती? दार लागत नाही, की लागतं पण वर जात नाही? की वर जाते पण चौथ्या मजल्यावर दोन मजल्यांच्या मध्ये त्रिशंकू होते? रोज, की फक्त पावसात? कोणी लिहिलेलं नाही. मग दुरुस्तीवाला येतो, तळमजल्यावरचं बटण दाबतो, लिफ्ट निमूटपणे वर जाते, तो म्हणतो, ‘‘चालते की!’’ आणि सही घेऊन निघून जातो. त्याचं काय चुकलं? ‘चालत नाही’ला ‘चालते की’ हेच उत्तर. जशास तसं.

हे सगळं मी आज तावातावाने लिहितो आहे त्याला कारण माझी नोकरी. मी बँकेत कारकून. शिक्षण बी.कॉम. म्हणजे संगणकाशी माझा संबंध नव्या जावयाचा सासुरवाडीच्या स्वयंपाकघराशी असतो तितपतच यायला हवा होता. पण शाखेत पासबुकं छापायच्या प्रिंटरची रिबन हात काळे करून बदलणारा मी एकटाच निघालो. ही कीर्ती वरपर्यंत गेली, ‘यांस तांत्रिक बाबींची आवड आहे’ असा शेरा पडला आणि माझी बदली बेलापूरच्या संगणक कक्षात झाली. नेरूळ ते बेलापूर म्हणजे मधे एक सीवूड्स. पेपरची घडी उलगडेपर्यंत गाडी पोचते. तिथे माझी गाठ शेलशी पडली.

शेल म्हणजे समुद्रावरचा शिंपला नव्हे. संगणकाच्या पडद्यावर एक काळी खिडकी असते आणि तिच्यात एक पांढरी रेघ डोळे मिचकावत असते. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आपण एक आज्ञा टाइप करायची आणि एंटर दाबायचं. शेल ती वाचतो, आत यंत्राच्या गाभ्याकडे नेतो, काम करून घेतो आणि पुढच्या आज्ञेसाठी पुन्हा खिडकीत येऊन उभा राहतो. थोडक्यात, काउंटरवरचा कारकून. तेव्हा माझं त्याच्याशी भावकीचं नातं आहे. आमच्या यंत्रांवर जो शेल आहे त्याचं नाव बॅश. ब्रायन फॉक्स नावाच्या गृहस्थांनी तो १९८९ साली तयार केला. रोज करायच्या आज्ञा एका कागदावर ओळीने लिहून ठेवल्या की त्याला स्क्रिप्ट म्हणतात. आम्ही घरी झोपलेले असताना रात्री ती स्क्रिप्ट काम करते.

शेलचा स्वभाव मला पहिल्या दिवसापासून आवडला. तो जुन्या पिढीतल्या हेडकॅशियरसारखा आहे. काम झालं तर तोंडातून अवाक्षर काढत नाही. बिघडलं तरच बोलतो, आणि तेही दीड ओळ. शिवाय प्रत्येक कामानंतर मनाशी एक आकडा टिपून ठेवतो. काम फत्ते झालं तर शून्य. (उभा जन्म शून्य शिलकीला भिण्यात गेलेल्या कॉमर्सच्या माणसाला ‘शून्य म्हणजे आनंद’ हे पचायला आठवडा लागला.) शून्याखेरीज दुसरं काही आलं की पाल चुकचुकली समजावं. १२७ आला तर असली आज्ञाच कुठे सापडली नाही. १२६ आला तर सापडली, पण चालवता येत नाही. म्हणजे पाहा, एका ‘चालत नाही’चे इथेच दोन निरनिराळे आकडे झाले! माणूस घरीच नाही आणि माणूस घरात आहे पण दार उघडत नाही, यांतला फरक शेलला कळतो. आमच्या तक्रारवहीला कळत नाही.

इतका सत्यवचनी कारकून हाताशी असताना आमच्या कक्षात दिवसभर जे फोन येतात ते ऐकण्यासारखे असतात.

‘‘चालत नाहीये.’’

‘‘काय चालत नाही?’’

‘‘काहीच.’’

‘‘पडद्यावर काही अक्षरं आली होती का?’’

‘‘आलं होतं काहीतरी इंग्रजीत. मी बंद केलं.’’

हे ‘बंद केलं’ अशा अभिमानाने सांगतात की जणू दारात आलेला विक्रेता परस्पर घालवला! अहो, ते दीड ओळीचं इंग्रजी हाच एकमेव साक्षीदार होता, आणि त्याला तुम्ही जिन्यावरून ढकलून दिलंत.

दुसरा प्रकार वैद्यबुवांचा. हे लक्षणं सांगत नाहीत, एकदम निदान सांगतात. ‘‘व्हायरस आला असणार, बघून घ्या.’’ तिसरे चरित्रकार. सकाळी गाडी चुकली इथपासून त्यांची तक्रार सुरू होते, साहेबांच्या स्वभावावरून वळसा घालून मुद्द्यापाशी येईतो जेवणाची सुट्टी होते. आणि चौथे, ‘‘काल तर चालत होतं!’’ म्हणणारे. खरं तर या वाक्यात सोनं दडलेलं आहे. काल चालत होतं आणि आज चालत नाही, म्हणजे मधे काहीतरी बदललं. पण ‘‘कालपासून काय बदललं?’’ असं नुसतं विचारा, की समोरचा आपण पोलीस चौकीतून बोलतो आहोत असं समजतो. ‘‘आम्ही कशालाच हात लावला नाही हो!’’

बॅशवाल्यांनी याचीही तजवीज करून ठेवली आहे. बॅशसोबत ‘बॅशबग’ नावाची एक आज्ञा येते. ती दिली की तक्रारीचा छापील अर्ज पुढे होतो. यंत्र कोणतं, आवृत्ती कोणती, हे तो आपण होऊन भरतो. मग आपल्यासाठी तीन रकाने. पहिला : काय झालं ते तपशीलवार. दुसरा : काय काय, कोणत्या क्रमाने केलं म्हणजे ते पुन्हा घडतं. तिसरा : उपाय. आणि तिथेच सूचना, की उपाय ठाऊक नसेल तर हा रकाना ठेवूच नका. ही सूचना संगमरवरावर कोरून प्रत्येक चौकात लावावी अशी आहे. कारण आपल्याकडे जो तो सुरुवात करतो ती तिसऱ्या रकान्यापासून. पहिले दोन कोणी भरतच नाही.

आणि हे लोक स्वतःला शहाणे समजत असतील म्हणावं तर तसंही नाही. बॅशच्या माहितीपुस्तकात अगदी शेवटी दोषांचं एक प्रकरण आहे. त्यात पहिलीच कबुली अशी, की हा फार अवजड आहे आणि फार हळू आहे. आमच्या शाखेत ‘ग्राहक देवो भव’ अशी पाटी आहे. ‘आम्ही फार हळू आहोत’ अशी पाटी लावायची छाती कुठल्या कचेरीला होईल?

त्या अर्जातला दुसरा रकाना मला सर्वांत पूज्य. ‘पुन्हा घडवून दाखवा.’ कॉमर्सवाल्यांना हे नवीन नाही. ट्रायल बॅलन्स जुळला नाही तर आम्ही ‘चालत नाही’ म्हणून खातेवही मिटत नाही. फरकाला नऊने भागून बघतो. नि:शेष भाग गेला, तर कोणीतरी ५४ चे ४५ केले असण्याचा दाट संभव. नाही गेला, तर वही अर्धी करून आधी एका अर्ध्यात बघतो, मग त्या अर्ध्याच्या अर्ध्यात. शेलमधली चूक शोधायची रीत तीच. स्क्रिप्ट निम्मी करा, फरक कुठल्या निम्म्यात आहे ते पाहा. शेलला एक खूण सांगितली की तो प्रत्येक आज्ञा करण्याआधी ती पडद्यावर लिहून दाखवतो. एक जण वाचतो आणि दुसरा टिक करतो, तशी. यात जादू नाही. चिकाटी आणि पेन्सिल एवढंच भांडवल.

आता कोणी म्हणेल, हे शिकल्यासवरल्यांचं झालं, सामान्य माणसाला कुठलं जमणार? सामान्य माणसाला जमतं. तुम्हा-आम्हालाच जमत नाही. याचा पुरावा माझ्यापाशी आहे.

आमच्या बँकेत एका आजींचं कुटुंब निवृत्तिवेतन जमा होतं. मधूनच एखाद्या महिन्यात ते यायचंच नाही. आजी शाखेत जायच्या, अर्ज द्यायच्या, आठ-दहा दिवसांनी कोणीतरी हाताने रक्कम जमा करायचं आणि अर्जावर शेरा पडायचा, ‘निवारण झाले.’ असं तीनदा निवारण झालं. चौथ्या खेपेला शाखेने त्यांना आमच्या कक्षाची वाट दाखवली. आजी आल्या त्या पिशवीत भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळून घेऊनच. दुधाचे खाडे मांडतात ना, तशा त्यावर खुणा.

‘‘हे बघ बाळा,’’ आजी म्हणाल्या, ‘‘गोल आहे तिथं पैसे वेळेवर आले. फुली आहे तिथं नाही. मार्चला फुली, जूनला फुली, ऑगस्टला फुली, आता ऑक्टोबरला. आमच्याच गल्लीतल्या दोघींना विचारलं. त्यांचंही याच महिन्यांत अडलं. पण समोरच्या बिल्डिंगमधल्या भाऊंचं दर महिन्याला येतं. मला आपलं असं दिसतंय, की ज्यांचे यजमान आहेत त्यांचं येतं, आणि ज्यांचे गेलेत त्यांचंच अडतं.’’

मी थक्क झालो. कधी घडतं, कधी घडत नाही, कोणाला घडतं, कोणाला घडत नाही. बॅशबगचे दोन्ही रकाने आजींनी बिनचूक भरले होते, आणि तिसऱ्याला हात लावला नव्हता. व्हायरसचं नाव नाही, सर्व्हरचं नाव नाही. निघताना फक्त एवढंच म्हणाल्या, ‘‘आठ दिवस म्हणजे तुम्हा लोकांना काही वाटत नाही रे. पण रक्तदाबाची गोळी रोजची रोज लागते.’’

पुढचं काम मग एका दुपारचं. निवृत्त मंडळींची फाईल वेगळी यायची आणि कुटुंब निवृत्तिवेतनाची वेगळी. ही दुसरी फाईल पाठवणारा नेहमीचा माणूस रजेवर गेला की बदलीचा माणूस तिच्या नावात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायचा. माणसाला ती जागा दिसतही नाही. पण शेलच्या व्याकरणात मोकळी जागा म्हणजे एक शब्द संपला, दुसरा सुरू झाला. नावाभोवती अवतरणचिन्हं नसतील तर एका फाईलच्या त्याला दोन फायली दिसतात, आणि त्या दोन्ही जगात नसतात. आम्ही तसल्याच नावाची एक खोटी फाईल करून स्क्रिप्टपुढे टाकली, आणि हुबेहूब तेच घडलं. स्क्रिप्टमध्ये दोन अवतरणचिन्हं घातली, काम संपलं. अशा बाया एकूण अकरा निघाल्या. अकरा घरांतल्या गोळ्या दोन अवतरणचिन्हांपायी अडल्या होत्या.

मोकळ्या जागेला हसू नका. २०११ साली बंबलबी नावाच्या एका प्रोग्रॅमच्या स्क्रिप्टमध्ये ‘अमुक कप्प्यातली अमुक वस्तू काढून टाक’ या आज्ञेत मधेच एक जागा जास्त पडली. शेलने ती ‘अमुक अख्खा कप्पा काढून टाक’ अशी वाचली. ज्यांनी भक्तिभावाने ती चालवली, त्यांच्या यंत्रातला प्रोग्रॅमांचा सबंध कप्पाच धुऊन निघाला. तेव्हा टायपिंगच्या क्लासात मास्तर स्पेसबारवर ओरडायचे ते उगाच नव्हे.

पण माझा खरा राग त्या मोकळ्या जागेवर नाहीच. शेलने त्या प्रत्येक रात्री ‘अशी फाईल नाही’ असं सांगितलं होतं. मग ते कोणाला ऐकू का आलं नाही? कारण स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने शेवटी लिहून ठेवलं होतं, की काही तक्रार आलीच तर ती डेव्ह-नलमध्ये टाक. डेव्ह-नल हे लिनक्समधलं एक ठिकाण आहे. तिथे जे टाकाल ते गडप होतं. भरत नाही, वास येत नाही, परत येत नाही. पडदा स्वच्छ राहावा, सकाळच्या अहवालात वाईट काही दिसू नये, म्हणून लोक शेलचं तोंड तिकडे वळवून ठेवतात. आणि अहवालात काय? ‘सर्व फायली पूर्ण.’

वाचकहो, डेव्ह-नल कुठल्या कचेरीत नाही? काही ठिकाणी ती लाल रंगाची असते, तिला कुलूप असतं आणि तिच्यावर ‘तक्रार पेटी’ लिहिलेलं असतं. किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. काही ठिकाणी ती ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं गोड आवाजात बोलते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रार टाकली की तिच्यावर सुप्रभातची चाळीस फुलं पडून ती दिसेनाशी होते, तीही डेव्ह-नलच. आणि सर्वांत अट्टल डेव्ह-नल म्हणजे तो शिक्का, ‘निवारण झाले.’ आजींच्या प्रकरणाच्या कागदांवर अखेर कारण काय लिहिलं गेलं, ठाऊक आहे? ‘तांत्रिक अडचण.’ म्हणजे ‘चालत नाही’चंच सरकारी भाषांतर!

तक्रार घेणाऱ्यांचीही एक बाजू आहे, ती मांडायला हवी. ते म्हणतात, दिवसाला इतके फोन येतात, प्रत्येकाचा इतिहास कोण ऐकत बसणार? बंद करून पुन्हा चालू करा म्हटलं की पुष्कळदा चालू होतं. मान्य. पुष्कळदा होतं. पण पंचनाम्याआधी प्रेताला अग्नी दिला, तर खून कोणी केला हे कसं कळणार? यंत्र बंद केलं की त्याच्या पोटातली आठवण जाते, आणि तिच्याबरोबर पुरावा. बिघाड जात नाही. तो पुढच्या महिन्याची वाट बघत बसतो. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डमध्ये मार्क टू नावाचं प्रचंड यंत्र अडलं, तेव्हा तिथल्या मंडळींना रिले क्रमांक ७० मध्ये एक पतंग अडकलेला सापडला. त्यांनी तो झटकून फेकला नाही. चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला, शेजारी वेळ आणि जागा लिहिली. ती वही आजही अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आमच्याकडे असता तर शिपायाने केर काढला असता आणि वहीत लिहिलं असतं, ‘यंत्र चालत नव्हतं. आता चालतं.’

दुसरं म्हणतात, ‘‘आमच्याकडे तर व्यवस्थित चालतं.’’ अभिनंदन! पण आजींचं वेतन तुमच्याकडे जमा होत नाही. ‘आमच्याकडे चालतं’ हे उत्तर नव्हे, तपासाची सुरुवात आहे. तुमच्याकडे आणि त्यांच्याकडे फरक काय, तो शोधा म्हणजे चोर सापडला.

तक्रार नीट केली आणि नीट ऐकली तर काय होतं, याचं उदाहरण बॅशनेच दिलं आहे. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला द्यायच्या चिठ्ठ्या असतात, आणि त्या चिठ्ठीत बॅशसाठी एखाद्या कामाची कृती लिहून पाठवता येत असे. बॅशने ती कृती वाचून थांबायला हवं होतं. तो थांबत नसे. कृती संपल्यावर पुढे जे लिहिलं असेल तेही इमानेइतबारे पार पाडत असे. बँकेच्या भाषेत सांगतो. आपण चेकवर ‘रुपये पाचशे फक्त’ लिहितो आणि पुढे आडवी रेघ ओढतो, ती कशासाठी? ‘फक्त’च्या पुढे कोणी काही लिहिलं तर ते वाचायचं नाही म्हणून. बॅश ‘फक्त’पाशी थांबत नव्हता! वेबसाइट चालवणारी कित्येक यंत्रं परक्या माणसाने पाठवलेला मजकूर असल्या चिठ्ठ्यांत घालत. म्हणजे जगात कोणीही उठावं आणि ‘फक्त’च्या पुढे वाटेल ते लिहावं.

हा दोष १९८९ पासून पंचवीस वर्षं कोणाच्या डोळ्यांवर आला नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये स्तेफान शाझेलास यांना तो दिसला. त्यांनी ‘बॅश चालत नाही’ असा गावभर ओरडा केला नाही. बॅशची देखभाल करणारे चेट रेमी यांना नेमकं काय आणि कसं घडतं ते खाजगीत कळवलं. २४ तारखेला दुरुस्तीसह बातमी जाहीर झाली, आणि ‘शेलशॉक’ म्हणून जगभर गाजली. पण मला कौतुक पुढच्या भागाचं. पहिली दुरुस्ती पुरी पडत नाही, हे दुसऱ्या तज्ज्ञांनी लगोलग घडवून दाखवलं. कोणी ‘निवारण झाले’ म्हणून शिक्का मारून फाईल बांधली नाही. पुन्हा उघडली, पुन्हा दुरुस्त केली, पुन्हा उघडली, पुन्हा दुरुस्त केली. सगळं काही दिवसांत. आजींच्या फाईलला सात महिने लागले, आणि तीत काम होतं दोन अवतरणचिन्हांचं.

तेव्हा माझी मागणी अगदी साधी आहे, आणि तिला खर्च शून्य आहे. शेलचा शून्य, आनंदाचा. यापुढे सोसायटीत, बँकेत, दवाखान्यात, नळाच्या कचेरीत, कुठेही तक्रार करताना तीन वाक्यं लिहायची. मी काय केलं. काय व्हायला हवं होतं. काय झालं. जमल्यास चौथं : केव्हा केव्हा होतं आणि कोणाकोणाला. आणि पडद्यावर जे इंग्रजी येईल ते समजो न समजो, जसंच्या तसं उतरवून घ्यायचं किंवा मोबाइलवर त्याचा फोटो काढायचा. लग्नात पानातल्या जिलबीचा फोटो काढता, मग याचा काढायला काय हरकत आहे?

आणि खुर्चीत बसलेल्यांनी एकच करायचं. कारण सापडेपर्यंत ‘निवारण झाले’ हे दोन शब्द लिहायचे नाहीत. पैसे हाताने जमा करा, जरूर करा, गोळ्या थांबता कामा नयेत. पण फाईल उघडी ठेवा. कारण लिहायच्या रकान्यात ‘तांत्रिक अडचण’ लिहिणाऱ्याची वेतनवाढ महिनाभर अडवावी, आणि त्याने चौकशी केली की त्याला एवढंच सांगावं, ‘‘चालत नाहीये.’’